जिन्यावरची खुर्ची : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत अडचण एकच आहे : घरातले वडीलधारे माणूस खालच्या मजल्यावर अडकले आहे आणि त्याची खोली, न्हाणीघर किंवा देवघर वरच्या मजल्यावर राहिले आहे. स्टेअरलिफ्टचे नाव आता सर्वांना ठाऊक झाले आहे, पण तिचे प्रकार, तिच्या मर्यादा आणि आपल्याकडच्या जिन्यांचे स्वभाव यांची सांगड घालणारी माहिती मराठीत फारशी मिळत नाही. त्यामुळे हा संपूर्ण अंक याच विषयाला दिला आहे. पत्रे लांब होती. येथे त्यांतला मुद्द्याचा भाग तेवढा घेतला आहे.

प्रश्न : आमचे नाशिकला दुमजली घर आहे. आईचे वय ७८, वजन ८४ किलो, दोन्ही गुडघे झिजलेले. जिना अर्ध्यावर लँडिंगला येऊन उलट दिशेने फिरतो. एक विक्रेता वळणाच्या रुळाची स्टेअरलिफ्ट सुचवतो, तर दुसरा सरळ रुळाच्या दोन लिफ्ट बसवा म्हणतो. प्रकार नेमके किती आहेत आणि आम्ही काय घ्यावे?

उत्तर : आधी यंत्र समजून घेऊ. स्टेअरलिफ्ट म्हणजे जिन्याच्या कडेने रुळावरून सरकत जाणारी खुर्ची. रूळ भिंतीला ठोकलेला असतो असा बहुतेकांचा समज असतो; प्रत्यक्षात तो लहान लहान पायांवर उभा असतो आणि ते पाय थेट पायऱ्यांना जखडलेले असतात. त्यामुळे भिंत अर्ध्या विटेची आहे की त्या बाजूला नुसता कठडा आहे, याने सहसा बिघडत नाही. पायरी मात्र भक्कम हवी. रुळाला दातेरी पट्टी असते, खुर्चीखालच्या मोटारीचे दातेरी चक्र त्या दात्यांत गुंतून खुर्चीला वर ओढते, आणि वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर वेगळी यांत्रिक पकड खुर्ची जागच्या जागी थांबवते. अशा यंत्रांसाठी युरोपात ईएन ८१-४० हे मानक आहे आणि त्यानुसार खुर्चीचा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे तुमच्या घरातला एक मजला चढायला मिनिट-दीड मिनिट लागेल. पहिल्या दिवशी हे फार हळू वाटते आणि आठवडाभरात त्याची सवय होते.

प्रकार दोन अंगांनी पडतात : रूळ कसा आहे आणि त्यावर काय बसवले आहे. रूळ सरळ असेल तर तो तयार लांबीत येतो, जागेवर कापला जातो आणि बहुधा अर्ध्या दिवसात बसतो. वळणाचा रूळ तुमच्याच जिन्याच्या मापाने कारखान्यात वाकवून येतो. प्रत्येक पायरीचे माप किंवा छायाचित्रे घेऊन तो आखावा लागतो, त्यात काही आठवडे जातात, आणि तो दुसऱ्या कोणत्याही जिन्याला बसत नाही. दरातला फरक येथूनच येतो. वळणाच्या लिफ्टचा खर्च सरळ लिफ्टच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक निघाला, तर विक्रेता तुम्हाला फसवतो आहे असे लगेच समजू नका.

रुळावर बसवायच्या गोष्टींत नेहमीची खुर्ची ही सर्वांत प्रचलित. ज्यांचे गुडघे किंवा खुबे पुरेसे वाकत नाहीत त्यांच्यासाठी उंच, अर्धवट टेकण्यापुरते आसन असते, आणि अगदी अरुंद जिन्यासाठी उभ्याने जायचा प्रकारही मिळतो. मात्र चक्कर येणाऱ्या किंवा तोल जाणाऱ्या माणसाला या शेवटच्या दोन प्रकारांवर कधीही पाठवू नये. चौथा प्रकार व्हीलचेअरसकट नेणाऱ्या फळीचा. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

आता तुमचा खरा पेच. सरळ रुळाच्या दोन लिफ्ट म्हणजे खालच्या टप्प्याला एक आणि वरच्या टप्प्याला दुसरी. आई लँडिंगवर पहिल्या खुर्चीतून उठेल, तीन-चार पावले चालेल आणि दुसऱ्या खुर्चीत बसेल. कागदावर हे स्वस्त आणि सोपे दिसते. पण गुडघे झिजलेल्या माणसाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? बसल्या जागेवरून उठण्याचा. ज्या हालचालीचा त्रास वाचवायला आपण यंत्र आणतो आहोत, तीच हालचाल दोन लिफ्टच्या रचनेत दुप्पट होते, आणि तीही जिन्याच्या मधोमध, पाठीमागे उतार असताना. शिवाय वरच्या लिफ्टचा रूळ पहिल्या पायरीच्या पुढे साधारण फूट-दीड फूट लँडिंगवर येतो, त्यामुळे चालायची जागाही आक्रसते.

म्हणून निर्णय विक्रेत्याच्या दरपत्रकावरून न घेता घरच्या जेवणाच्या खुर्चीवरून घ्या. हात असलेल्या दोन खुर्च्या चार पावलांच्या अंतरावर ठेवा. सकाळी उठल्या उठल्या, म्हणजे सांधे सर्वांत आखडलेले असताना, आईला एकीवरून उठून दुसरीत बसायला सांगा; तुम्ही शेजारी उभे राहा, पण हात देऊ नका. आठवडाभर हे रोज विनासायास जमले, तर दोन सरळ लिफ्टचा विचार करायला हरकत नाही. एखाद्या दिवशीही हात द्यावा लागला, तर पैसे साठवून वळणाचीच घ्या. गुडघ्यांची झीज ओसरणारी नसते. आज जमते ते दोन वर्षांनी जमेलच असे नाही. आणि गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ जण कठडा धरून जिना चढू लागतात, आणि मग हा सगळा खर्चच टळतो.

वळणाची घ्यायची ठरलीच तर रूळ आतल्या अंगाने, म्हणजे कठड्याच्या बाजूने, न्यायचा की बाहेरच्या भिंतीच्या बाजूने, हे विचारल्याशिवाय सही करू नका. आतून नेला तर रूळ आखूड होतो आणि पैसे वाचतात, पण वळणावर पाय अवघडतात आणि कठडा धरून चढणाऱ्या इतरांची अडचण होते. बाहेरून नेला तर रूळ लांबतो, पण वर पोचल्यावर तो आणखी वळवून खुर्ची जिन्याच्या तोंडापासून दूर, सपाट जमिनीवर नेऊन थांबवता येते. माझा कल स्पष्टपणे बाहेरच्या बाजूकडे आहे, कारण पडण्याची खरी जागा जिन्याच्या माथ्यावर असते. आईचे वजन ही अडचण नाही. बहुतेक खुर्च्या १२० किलो किंवा त्याहून अधिक भार घेतात, आणि नेमका आकडा यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेला असतो.

एक सूचना परदेशी माहितीपुस्तिकांत सापडणार नाही. आई नऊवारी किंवा सहावारी नेसत असतील, तर बसल्यावर पदर पुढे घेऊन मांडीवर ठेवायची आणि निऱ्या पाय ठेवायच्या फळीच्या आत घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पदर पाठीमागे सोडून बसले की तो रूळ आणि खुर्ची यांच्या फटीत जाऊ शकतो.

प्रश्न : वडिलांना दीड वर्षापूर्वी उजव्या अंगाचा अर्धांगवायू झाला. घरात व्हीलचेअर वापरतात, आधार दिला तर उभे राहतात. कोल्हापूरच्या आमच्या घरचा जिना सरळ, १६ पायऱ्यांचा आणि जेमतेम तीन फुटी आहे. रूळ कोणत्या बाजूला बसवावा? की व्हीलचेअरसकट वर नेणारी लिफ्ट घ्यावी?

उत्तर : अर्धांगवायूच्या रुग्णाला एका आसनावरून दुसऱ्यावर हलवताना चांगल्या अंगाकडे सरकवावे, असे भौतिकोपचार करणारे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण जिन्यावर या नियमाची गंमत होते. खुर्चीची पाठ रुळाकडे असते आणि बसलेल्या माणसाचे तोंड समोरच्या भिंतीकडे. तुम्ही खाली उभे राहून वर पाहिलेत आणि रूळ डाव्या हाताला असेल, तर खुर्चीत बसलेल्या वडिलांच्या डाव्या हाताला वरच्या पायऱ्या येतील आणि उजव्या हाताला खालची मोकळी जमीन. व्हीलचेअर त्या मोकळ्या जमिनीवर उभी राहणार. म्हणजे वर जाण्यासाठी बसताना ते डावीकडे, चांगल्या अंगाकडे सरकतील. पण खाली येऊन उतरताना त्यांना उजवीकडे, दुबळ्या अंगाकडे सरकावे लागेल. रूळ उजव्या बाजूला घेतला की हेच उलटे होते. जो माणूस वर जातो त्याला खालीही यायचेच असते, त्यामुळे दोन्ही वेळा सोयीची अशी बाजू या जागी नसतेच.

यावर उपाय म्हणजे तालीम. यंत्र मागवण्यापूर्वी जिन्याच्या पायथ्याशी, रूळ जिथे येईल तिथे, भिंतीला पाठ लावून एक साधी खुर्ची ठेवा आणि भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ यांच्यासमोर वडिलांना व्हीलचेअरवरून तिच्यात आणि तिच्यातून परत बसवून पाहा. मग दुसऱ्या भिंतीकडून हेच करा. कोणत्या बाजूला दोन्ही हालचाली निभतात हे अर्ध्या तासात कळते. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अशी तपासणी तेथे किंवा मोठ्या रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात करून घ्यावी. वरच्या टोकाला प्रश्न कमी असतो, कारण तेथे खुर्ची जिन्याकडे पाठ करून लँडिंगच्या दिशेला वळते आणि व्हीलचेअर कोणत्याही हाताला उभी करता येते. मात्र हे वळणे हाताने लिव्हर ओढून होते की मोटारीने, ते पाहून घ्या. एका हाताने सगळे करणाऱ्या माणसाला मोटारीने वळणारे आसनच हवे. चालवायची कळ डाव्या हाताकडे बसवून मागा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर भागवू नका, छातीचा पट्टाही घ्या. आणि पहिले काही महिने कोणीतरी त्यांच्याबरोबर, त्यांच्या खालच्या पायरीवरून चालत राहा, कारण उजवा पाय फळीवरून घसरला तरी काही रुग्णांना ते जाणवतच नाही. व्हीलचेअर मात्र दोन लागतील, एक खाली आणि एक वर. बरीच कुटुंबे हा खर्च धरायला विसरतात आणि मग रोज कोणीतरी खुर्ची घडी करून जिन्यावरून वाहत असते.

व्हीलचेअरसकट नेणारी तिरपी फळी तुमच्या तीन फुटी जिन्यावर बसणार नाही. तिला रुंद जिना लागतो, पायथ्याशी व्हीलचेअर फिरवून फळीवर चढवण्याइतके अंगण लागते, आणि मिटलेली असतानाही ती भिंतीतून बरीच पुढे येते. शाळा, कार्यालये, रेल्वे स्थानके अशा ठिकाणी ती शोभते. ओट्याच्या तीन-चार पायऱ्यांपुरतीच अडचण असेल तर सरळ वर उचलणारी छोटी फळी मिळते आणि ती फार कामाची असते. वडिलांना पुढे आधारानेही उभे राहता येईनासे झाले, तर जिन्याचा नाद सोडून घरगुती उद्वाहनाकडे वळावे लागेल. त्यांत तेलाच्या दाबावर, दोरावर, फिरत्या स्क्रूवर आणि हवेच्या दाबावर चालणारे असे प्रकार आहेत. पारदर्शक नळीतली हवेची लिफ्ट दिसायला आकर्षक असते आणि तिला खाली खड्डा खणावा लागत नाही, पण तिच्या लहान मापांत व्हीलचेअर मावत नाही. नमुना पाहायला जाताना वडिलांची व्हीलचेअर गाडीत घालून न्या आणि आत ढकलून पाहा.

प्रश्न : दादरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही. पत्नीच्या पाठीच्या कण्याच्या आजारामुळे ती सात महिने खाली उतरलेली नाही. स्वखर्चाने सामाईक जिन्यात स्टेअरलिफ्ट बसवायला संस्थेच्या कार्यकारिणीने नकार दिला. कायदा आमच्या बाजूने नाही का?

उत्तर : तुमच्या पत्रातला संताप समजण्याजोगा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा वाजवी सोयी करून देण्याची भाषा करतो आणि त्याचा आधार घेऊन लेखी अर्ज करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण जिना संस्थेच्या मालकीचा आहे, त्याच्या पायऱ्यांना भोके पाडण्यापूर्वी सर्वसाधारण सभेची मान्यता लागेल, आणि येथे कार्यकारिणीच्या बाजूलाही एक वजनदार मुद्दा आहे : आग लागली तर सर्व बिऱ्हाडांचा बाहेर पडायचा मार्ग तोच. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या इमारतींच्या जिन्याची किमान रुंदी १ मीटर धरते. त्यातून मिटलेल्या खुर्चीसह रूळ साधारण फूटभर किंवा थोडी अधिक जागा खातो. शिवाय तीन मजले म्हणजे सहा टप्पे, पाच वळणे, आणि प्रत्येक मजल्यावर इतरांच्या दारासमोरून जाणारा रूळ. हे काम तांत्रिकदृष्ट्या करता येते; व्यवहारात ते अतिशय महाग आणि रोजच्या कुरबुरींचे ठरते.

म्हणून मी तुम्हाला दोन वेगळ्या वाटा सुचवतो. पहिली तातडीची : जिना चढणारे चाकाचे यंत्र. हे कोठेही बसवावे लागत नाही, त्यामुळे पायऱ्यांना हात लावायची परवानगीही लागत नाही. एका प्रकारात रबरी पट्टे रणगाड्यासारखे पायऱ्यांच्या कडांवरून सरपटत जातात आणि व्हीलचेअर त्यावर मागे कलती बांधलेली असते. दुसऱ्यात लहान चाके आळीपाळीने पायरीवर पाऊल टाकावे तशी फिरतात. दोन्ही बॅटरीवर चालतात, आणि दोन्हींना मागे धरणारा धडधाकट, शिकवून तयार केलेला माणूस लागतो. पट्ट्यांचे यंत्र वापरायला सोपे पण लांब असते; तुमच्या लँडिंगवर ते वळेल का, हे प्रात्यक्षिकाशिवाय ठरवू नका. प्रात्यक्षिकाच्या वेळी आधी पत्नीच्या वजनाइतकी तांदळाची पोती बसवून ते तुमच्याच जिन्यावरून तीनदा वरखाली करून दाखवायला सांगा. जो विक्रेता त्याला नकार देईल त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि मोठ्या इमारतींत दिसते ती आणीबाणीची खुर्ची मात्र विकत घेऊ नका. ती बहुधा फक्त खाली उतरवते.

दुसरी वाट संथ आहे, पण टिकाऊ : संस्थेनेच बाहेरच्या भिंतीलगत उद्वाहन उभारावे. त्यासाठी संरचना अभियंत्याचा अहवाल, महापालिकेची मंजुरी आणि उद्वाहनांविषयीच्या २०१७ च्या राज्य कायद्याखाली विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते. तुमच्या अर्जाबरोबर पत्नीचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तर जोडाच, पण इमारतीत साठी ओलांडलेले किती जण आहेत याची यादीही जोडा. एका घराची अडचण म्हणून आलेला विषय सभेत पाच मिनिटांत संपतो. अकरा घरांची अडचण म्हणून आला की त्याला अंदाजपत्रक मागवावे लागते. संस्थेने अर्जाला उत्तरच दिले नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते.

प्रश्न : सावंतवाडीच्या आमच्या जुन्या घराचा जिना लाकडी आणि बराच उभा आहे. पायरीची उंची २५ सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर. माथ्यावर आडवे दार आहे. स्टेअरलिफ्ट बसेल का?

उत्तर : तुम्ही मापे पाठवलीत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्यांतच आहे. २५ उंची आणि २० रुंदी म्हणजे चढ सुमारे ५१ अंशांचा झाला. नेहमीच्या घरातला १८ आणि २५ चा जिना ३६ अंशांच्या आसपास असतो. इतक्या उभ्या चढाला बहुतेक सरळ रूळ नाकारले जातात. लाकूड ही स्वतंत्र अडचण नाही. जाड, वाळवी न लागलेल्या फळीला रुळाचे पाय स्क्रूने छान बसतात. पण माथ्यावरचे दार आणि त्याची तुळई हा धोका मोठा आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोके जिन्याबरोबर वर सरकत जाते आणि त्याला खाली वाकण्याची सवड मिळत नाही. तुमच्या घराला पडवी नक्की असेल. तिचा एक भाग बंद करून तेथे झोपायची खोली आणि कमोडचे न्हाणीघर करावे, हेच माझे उत्तर. पायऱ्या बदलून जिना सौम्य करायचा तर घराचा अर्धा माजघर त्यात जाईल.

प्रश्न : आमच्या भागात पावसाळ्यात वीज तासन् तास जाते. सासूबाई अर्ध्या जिन्यावर अडकल्या तर?

उत्तर : अडकणार नाहीत, कारण आजकालच्या जवळजवळ सर्व स्टेअरलिफ्ट विजेवर थेट चालतच नाहीत. खुर्चीखाली १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, मोटार त्या २४ व्होल्टवर चालते, आणि घरातली वीज फक्त त्या बॅटऱ्या भरत राहते. वीज गेल्यावरही भरलेल्या बॅटरीवर दहाएक फेऱ्या सहज होतात.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. बॅटरी भरण्याचे संपर्कबिंदू पुष्कळ यंत्रांत रुळाच्या दोन टोकांनाच असतात. खुर्ची टोकापासून चार बोटे अलीकडे थांबली, तरी ती भरत नाही. अशा वेळी ती सहसा बीप-बीप करते, आणि घरातले लोक त्या आवाजाने वैतागून भिंतीवरचे बटन बंद करतात. मी मापे घ्यायला गेलेल्या एका घरात तीन आठवडे असेच चालले होते. रुळाच्या खालच्या टोकाशी चपलांचे कपाट होते, त्याला खुर्चीची फळी टेकली की सुरक्षा पट्टी दबून खुर्ची जागीच थांबे, आणि बसवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर बॅटऱ्या बदला असे सांगत राहिला. कपाट सहा इंच सरकवले आणि बॅटऱ्या त्याच रात्री भरल्या. तेव्हा बटनावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी डकवा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर ही जोडणी घ्या, आणि दर काही वर्षांनी बॅटऱ्या बदलण्याचा खर्च वार्षिक देखभाल करारात आहे की नाही ते वाचून घ्या.

प्रश्न : माझा भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिथे वापरलेल्या स्टेअरलिफ्ट अगदी स्वस्तात मिळतात. तो एक जहाजाने पाठवायला तयार आहे. घ्यावी का?

उत्तर : तिथे त्या स्वस्त का मिळतात हे आधी सांगतो. इंग्लंडमध्ये घरात अशा सोयी करण्यासाठी गरजू दिव्यांगांना स्थानिक परिषदेमार्फत ३०,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळू शकते, आणि दुमजली घरे व म्हातारी माणसे दोन्ही मुबलक असल्याने ही खुर्ची तेथे फ्रिजइतकी सवयीची वस्तू झाली आहे. माणूस गेल्यावर किंवा वृद्धाश्रमात गेल्यावर कुटुंबाला ती काढून टाकायची घाई असते. (यंत्र मूळचे अमेरिकेतले, सी. सी. क्रिस्पेन नावाच्या पेनसिल्व्हेनियाच्या गृहस्थाने १९२० च्या दशकात ते घडवले असे मानतात.)

वळणाची असेल तर फुकट दिली तरी नको, कारण तो रूळ लेस्टरच्या त्या एका घराचा आहे. सरळ असेल तर गणित थोडे वेगळे. तिथला आणि आपला वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असाच आहे, त्यामुळे प्लग बदलला की चार्जर चालतो. रूळ कापून आखूड करता येतो. वाढवणे मात्र जिकिरीचे, म्हणून तुमच्या जिन्याची तिरपी लांबी, पहिल्या पायरीच्या पुढच्या जमिनीपासून माथ्यावरच्या पायरीच्या कडेपर्यंत दोरी ताणून, मोजून भावाला कळवा. रूळ डाव्या बाजूचा की उजव्या, हेही जुळायला हवे. या सगळ्यातून पार पडलात तरी एक प्रश्न उरतो आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो : तुमच्या गावापासून दिवसभराच्या अंतरात त्या कंपनीचा सर्किट बोर्ड बदलू शकणारा माणूस आहे का? त्याचे नाव आणि फोन क्रमांक हातात नसेल, तर जहाजभाडे आणि सीमाशुल्क यांत पैसे घालू नका. पायऱ्यांवर ग्रॅनाइट किंवा कडप्पा असेल तर बसवतानाही अनुभवी हात हवा; पायरीच्या पुढे आलेल्या नाकाजवळ ड्रिल मारले की दगडाचा तुकडा उडतो, आणि रुळाचा पाय नुसत्या फरशीत न राहता खालच्या काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे.

प्रश्न : आजोबांसाठी आणलेल्या खुर्चीवर माझ्या दोन्ही मुली दिवसभर वरखाली करतात. यंत्र खराब होईल का?

उत्तर : यंत्राला मुलींच्या वजनाचे काही वाटणार नाही. चिंता बोटांची आहे, आणि एक मुलगी बसलेली असताना दुसरीने रिमोट दाबण्याची. कडांना असलेल्या सुरक्षा पट्ट्या अडथळा लागताच खुर्ची थांबवतात, पण त्यांची परीक्षा लहान बोटांनी होऊ नये. बहुतेक खुर्च्यांच्या हातामध्ये किल्लीचे कुलूप असते; ते फिरवले की कळ आणि रिमोट दोन्ही निकामी होतात. किल्ली आजोबांच्या जानव्याला नाही तर चष्म्याच्या दोरीला बांधून द्या, आणि दुसरी किल्ली वरच्या मजल्यावर खिळ्याला टांगा, मुलींच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. खुर्ची वर असताना आजोबा खाली अडकले, तर कोणालातरी वर जाऊन ती उघडावी लागतेच.